कामाच्या फेरीतील एक रविवार

हल्ली धंद्याच्या निमित्ताने परदेशी जाणे ही आपल्या घरांतून मोठीशी अपूर्वाई राहिलेली नाही. एके काळी विलायतेहून परत आलेल्या गृहस्थास प्रायश्चित्त घ्यावे लागे. आज घरातील एखादा चिरंजीव सोमवारी विमानात बसतो, शनिवारी परत येतो, आणि शेजाऱ्यांस त्याचा पत्ताही लागत नाही. परंतु ह्या सुलभतेबरोबर एक चमत्कारिक गोष्ट घडून आली आहे. दहा वेळा परदेशी जाऊन आलेल्या पुष्कळ मंडळींनी विमानतळ, हॉटेलातील खोली आणि कचेरी ह्यांपलीकडे त्या त्या देशाचे काहीएक पाहिलेले नसते. त्यांस विचारावे, तर "आम्ही कामासाठी गेलो होतो हो, पाहावयास वेळ कोठला?" असे उत्तर मिळते. उलटपक्षी दुसरा एक वर्ग असा आहे की, कामाच्या मध्ये एखादा दिवस हाती लागला, की त्या बारा तासांत तीन शहरे व चौदा स्थळे कोंबण्याचा तो चंग बांधतो, आणि रात्री त्याच्यापाशी दुखरे पाय व पाचशे फोटो एवढेच शिल्लक राहते. दोन्ही प्रकारची मंडळी आमच्या आप्तांतच आहेत. तेव्हा कोणावर टीका करण्याचा आमचा हेतू नाही. असा दिवस मिळाला असता तो कसा घालवावा, ह्याविषयी मात्र आम्हांस काही सांगावयाचे आहे, आणि ते एका प्रत्यक्ष उदाहरणावरून सांगणे बरे.

कोल्हापुरास आमच्या घरचा लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना आहे. तो चौघा भावांचा सामाईक असून जमाखर्चाच्या वह्या आमच्या थोरल्या बंधूंकडे, म्हणजे दादांकडे, असतात. गेल्या हिवाळ्यात ह्या कारखान्याच्या कामासाठी आम्हांस जपानात ओसाका येथे जावे लागले. त्या शहरास लागूनच हिगाशी-ओसाका म्हणून जे गाव आहे, तेथे लहान लहान यंत्रकारखान्यांची मोठी दाटी आहे. त्यांपैकी एकाशी आमच्या ओतीव भागांविषयी बोलणे चालले होते. बरोबर दादांचा धाकटा चिरंजीव होता. शनिवारी दुपारी एक टप्पा आटोपला. पुढील बैठक सोमवारी सकाळी. मधला रविवार मोकळा राहिला.

हा मोकळा दिवस कोणाचा? एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसास हा प्रश्न टाळता येत नाही. आम्ही निघण्यापूर्वीच दादांनी तो काढला होता. "काम सामाईक, पैसा सामाईक, मग सहल तेवढी एकट्याची कशी?" असे त्यांचे म्हणणे. त्यात रोष नव्हता, आणि वहीपुढे बसणाऱ्या माणसास असा प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे, असे आम्ही समजतो. आमचे उत्तर सरळ होते. रविवारी तिकडचा कारखाना बंद. खोलीचे भाडे कसेही द्यावयाचेच. तेव्हा तो दिवस कोणाच्या खिशातून काढलेला नव्हे. त्या दिवसाचे आगगाडीचे भाडे, तिकिटे व खाणे आमच्या खाजगी खर्चात लिहावे म्हणजे झाले. केवळ पाहण्यासाठी काम लांबवून एक दिवस वाढविणे ही गोष्ट निराळी. तसा दिवस कारखान्याच्या पैशाने पदरात पाडून घेणे आम्हांस मान्य नाही, आणि "तिकडे कोण बघतो?" हे तर त्याचे समर्थन मुळीच होत नाही. दादांस हे पटले; पण त्यांनी पुढे आणखी एक वाक्य जोडले. "पैशाचे ठीक झाले रे. पण तू एकटा जे पाहशील, ते घरातल्या बाकीच्यांच्या वाट्यास कसे येणार?" ह्या प्रश्नासाठी वहीत रकाना नाही.

ओसाकाच्या यजमानांनी रविवारी आपल्या कचेरीतील एक तरुण मनुष्य वाटाड्या म्हणून देऊ केला होता. आम्ही ती सूचना आभारपूर्वक नाकारली. जो बिचारा आमच्यासाठी शनिवारीही कामावर आला, त्याची रविवारची सुटीही आपण खावी, हे बरे नव्हे. त्याच्या घरीही मुले असतील. शिवाय यजमानाच्या माणसाबरोबर हिंडताना मनुष्य अर्धा वेळ सौजन्यातच घालवितो, दोघेही एकमेकांस "आपण थकला तर नाही ना?" असे विचारीत राहतात.

शनिवारी रात्री पुतण्याने फोनवरून दिवसाचा बेत आखला. पहाटे निघून क्योटो, तेथील तीन देवळे, दुपारी नारा येथे एक तास, संध्याकाळी परत येऊन ओसाकाचा किल्ला, आणि रात्री दिव्यांनी झगमगणारा बाजार. हॉटेलच्या दाराशी एका प्रवासी कंपनीचे रंगीत पत्रक ठेवलेले होते. त्यातही थोड्याफार फरकाने हीच यादी होती.

"काका, पुन्हा कधी येणार आपण? जमेल तेवढे पाहून घेऊ," तो म्हणाला.

"अरे, पण घरी गेल्यावर तुझ्या मोठ्या आजींनी विचारले, म्हणजे त्यांना काय सांगशील?"

"फोटो दाखवीन की."

"त्यांना दिसते का?"

तो गप्प बसला. आमच्या मोठ्या काकू ८४ वर्षांच्या आहेत. त्यांचा सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे काशीयात्रा. अलीकडे त्यांची दृष्टी फारच मंद झाली असून फोनवरचे चित्र त्यांस नुसत्या उजेडाच्या डागासारखे भासते. निघताना आम्ही पाया पडलो, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "तिकडे देऊळ असले तर पाहून ये. पण एकच पाहा, आणि असे पाहा की मला सांगता आले पाहिजे." दादांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस काकूंच्या ह्या बोलण्यात सापडले. एकत्र कुटुंबातून जो मनुष्य बाहेर पडतो, तो स्वतःच्या दोन डोळ्यांनी दहा जणांसाठी पाहत असतो. तेव्हा दहा स्थळांवरून नुसती नजर फिरविण्यापेक्षा एक स्थळ सावकाश पाहिले, तर ते घरी नेता येते. पुतण्याने थोडी कुरकुर केली, क्योटोबद्दल दोनदा हळहळला, आणि शेवटी बेत पुसून टाकला.

नारा निवडण्यास कारणे होती. क्योटोचे नाव मोठे खरे. पण तेथील देवळे शहराच्या चारी टोकांस विखुरलेली असल्यामुळे एका दिवसातील बराच भाग बसमध्ये जातो. नारा ओसाकापासून आगगाडीने चाळीस मिनिटांच्या आसपास आहे, आणि स्टेशनातून बाहेर पडल्यावर पाहावयाचे बहुतेक सर्व पायी चालण्याच्या टप्प्यात येते. आमच्या मनात आणखी दोन गोष्टी होत्या. एक तर तेथील बुद्धाची प्रचंड मूर्ती ओतकामाची आहे, आणि ओतकाम हा आमचा पोटाचा धंदा. दुसरे, त्या मूर्तीचे डोळे ज्याने उघडले, तो मनुष्य भारतातून गेलेला एक ब्राह्मण होता.

सकाळी साडेसातच्या सुमारास आम्ही नांबा स्टेशनावरून गाडीत बसलो. ओसाकाची वस्ती संपते तेथे इकोमा नावाचा डोंगर आडवा येतो; गाडी बोगद्यातून त्याच्या पोटातून पलीकडे जाते. नारा जवळ आले, की दोन्ही बाजूंस एकदम मोठे ओसाड माळरान लागते, आणि त्यात लाल खांबांचा एक दरवाजा व एक भव्य सभागृह एकाकी उभे दिसते. हे हेइजो नामक राजवाड्याचे स्थान. इ. स. ७१० पासून ७८४ पर्यंत जपानची राजधानी, थोड्या वर्षांचा खंड सोडला तर, येथे होती. पुढे ती हलली आणि राजवाड्याच्या जागी शेते झाली. हल्ली दिसणारा दरवाजा १९९८ साली व सभागृह २०१० साली नव्याने बांधलेले आहे. आगगाडी थेट जुन्या राजवाड्याच्या आवारातून जाते, ही गोष्ट पुतण्यास फार मौजेची वाटली.

नारा स्टेशनाबाहेर एका कारंज्यामध्ये एका भिक्षूचा पुतळा आहे. बहुतेक लोक तेथे कोणाची तरी वाट पाहत उभे असतात. पुतळ्याकडे क्वचितच कोणी पाहतो. हा भिक्षू ग्योकी. त्याने गावोगाव हिंडून पूल बांधविले, तळी खणविली, आणि महाबुद्धाच्या मूर्तीसाठी वर्गणी गोळा केली. इ. स. ७३६ मध्ये आपला ब्राह्मण समुद्रमार्गे आला, तेव्हा त्यास सामोरा गेला तोही हाच, अशी परंपरा आहे. ती भेट नानिवा बंदरात, म्हणजे आजच्या ओसाकात झाली. दोघांनी एकमेकांस पूर्वी कधीही पाहिलेले नव्हते. पण पूर्वजन्मी गृध्रकूट पर्वतावर भगवान् बुद्धासमोर आपली भेट झाली होती, अशी ओळख त्यांस तत्काळ पटली, असे जपानी कथा सांगते. ज्या शहरात आम्ही ओतीव भागांच्या दराविषयी तीन दिवस घासाघीस करीत होतो, त्याच शहरातील ही गोष्ट!

तोदाइजी ह्या महाबुद्धाच्या देवळाकडे जाताना वाटेत हरणे भेटतात. हजाराहून अधिक हरणे तेथे मोकळी हिंडतात व ती कासुगा देवस्थानाची मानली जातात. तांदळाच्या कोंड्याची बिस्किटे विकत मिळतात. ती दाखविली, की हरीण मान खाली घालून नमस्कार करते, आणि बिस्किटास उशीर झाला तर शर्टाचे टोक चावते. पुतण्याच्या खिशातील कागद एका हरणाने गिळला. तो बाजारातल्या पावतीचा असल्यामुळे दादांच्या वहीत एक अडचण उत्पन्न झाली, एवढेच.

मग महाद्वार लागते. त्याच्या दोन्ही अंगांस आठ मीटरहून उंच असे दोन लाकडी द्वारपाल आहेत. उन्केइ व काइकेइ ह्या शिल्पकारांनी आपल्या हाताखालील कारागिरांसह ते १२०३ साली अवघ्या ६९ दिवसांत उभे केले. त्यांच्या अंगाच्या शिरा पाहून मनुष्य दचकतो. परंतु आमचे लक्ष त्यांच्या तोंडांकडे गेले. एकाचे तोंड उघडे, दुसऱ्याचे मिटलेले. जपानी लोक ह्यांस ‘आ’ व ‘उन्’ म्हणतात. ते आपले ‘अ’ आणि ‘हूं’ होत. तोंड उघडताना पहिला वर्ण, मिटताना शेवटचा नाद. संस्कृताचा गंधही नसलेल्या त्या गर्दीत आपली वर्णमाला त्या दोन रागीट पुरुषांच्या ओठांवर पाहून आम्हांस जे वाटले, ते येथे लिहून दाखविणे कठीण आहे.

आत महाबुद्ध. नाव वैरोचन, जपानीत रुशाना. बसलेल्या मूर्तीची उंची सुमारे १५ मीटर. येथे आम्ही दोन तास होतो, आणि त्यांपैकी निदान एक तास हे ओतले कसे ह्याचा विचार करण्यात गेला. वाचकांनी क्षमा करावी. लोहाराची नजर ऐरणीकडेच जाणार.

इतकी मोठी वस्तू एका दमात ओतणे शक्य नव्हते. प्रथम लाकडाच्या सांगाड्यावर माती लिंपून पूर्ण आकाराची मूर्ती केली. तिच्यावर बाहेरून मातीचा साचा चढविला व तो तुकड्या-तुकड्यांनी काढून घेतला. नंतर आतील मातीची मूर्ती, धातूची जितकी जाडी पाहिजे तितकी, सगळीकडून खरवडली; म्हणजे तीच गाभा झाली. बाहेरचे तुकडे परत जागच्या जागी बसविले, की गाभा व साचा ह्यांच्यामध्ये पोकळी राहते. तीत तांब्याचा रस. हे काम तळापासून वर आठ थरांनी केले. एक थर ओतून झाला, की त्याच्या भोवती मातीचा बांध घालीत, त्या बांधावर नव्या भट्ट्या मांडीत, आणि पुढचा थर ओतीत. म्हणजे अखेरीस मूर्ती एका टेकडीत पुरलेली होती! ७४७ च्या शरद ऋतूत आरंभ होऊन ७४९ मध्ये आठवा थर पुरा झाला. तांबे सुमारे ५०० टन लागले. वर पाऱ्यात कालवलेल्या सोन्याचा मुलामा दिला. ह्या कामावर कुनिनाका नो किमिमारो हा प्रमुख होता. कोरियातील पॅकचे राज्यातून आलेल्या एका निर्वासिताचा तो नातू. ज्यांनी भट्टीसमोर उभे राहून एखादा मोठा ओतीव भाग थंड होताना तडकलेला पाहिला आहे, त्यांस ह्या आठ थरांच्या सांध्यांचा अर्थ कळेल. त्या लोकांनाही पुढे कित्येक वर्षे भेगा बुजविण्याचे व डागडुजीचे काम करावे लागले. पुतण्या यंत्रशास्त्राचा पदवीधर आहे. त्याने पहिल्यांदा फोन खिशात घातला व वहीत आकृती काढावयास सुरुवात केली, तेव्हा आमचा दिवस वसूल झाला असे आम्ही समजलो.

आता त्या ब्राह्मणाविषयी. त्याचे नाव बोधिसेन. जन्म ७०४ चा. दक्षिण भारतातील, गोत्र भारद्वाज असे सांगतात. बौद्ध झाल्यावर मंजुश्रीच्या दर्शनाच्या ओढीने तो चीनमध्ये गेला. तेथे जपानी वकिलाची गाठ पडून त्याच्या विनंतीवरून तो जहाजात बसला. तो पोहोचला त्या सुमारास जपानात देवीची भयंकर साथ चालू होती. ७३५ ते ७३७ ह्या काळात तिने गावेच्या गावे ओस पाडली. शोमू राजाने महाबुद्ध उभारण्याची आज्ञा ७४३ साली दिली, तिच्यामागे ही आपत्तीही होती. ज्याची इच्छा असेल त्याने गवताची एक काडी किंवा मूठभर माती आणून दिली तरी ती स्वीकारावी, अशा आशयाचे शब्द त्या आज्ञापत्रात आहेत. बोधिसेन नारा येथील दाइआनजी मठात राहिला, संस्कृत शिकवीत असे, आणि पुढे त्यास भिक्षुसंघातील उच्च पद मिळाले. जपानी लोक त्यास ‘बारामोन सोजो’ म्हणतात. बारामोन म्हणजे ब्राह्मण.

७५२ च्या चौथ्या महिन्यात मूर्तीच्या नेत्रोन्मीलनाचा सोहळा झाला. आपल्याकडे प्राणप्रतिष्ठेत जे महत्त्व, तेच तेथे डोळ्यांत बुबुळे रेखण्यास. राजा आजारी होता, म्हणून हे काम बोधिसेनाकडे आले. त्याच्या हातातील कुंचल्यास लांबच लांब दोरे बांधलेले होते, आणि खाली जमलेल्यांनी ते हातांत धरले होते. रेघ एकाने ओढावयाची, पण ती ओढण्यात सर्वांचा हात! हे वाचून माहीत होते. परंतु मूर्तीच्या पायाशी उभे राहून वर मान करून पाहिल्यावर तो दोरा केवढा लांब असला पाहिजे, ह्याची कल्पना आली.

आम्ही मघाशी म्हटले, की आपल्या ब्राह्मणाने हे डोळे उघडले. पण हे डोळे ते नव्हेत. ८५५ साली भूकंपाने मूर्तीचे शिर खाली पडले. ११८० मध्ये लढाईच्या आगीत देऊळ जळून मूर्ती वितळली. १५६७ मध्ये पुन्हा तेच. त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ महाबुद्ध बव्हंशी उघड्यावर, ऊन-पावसात बसून होते. आजचे शिर सतराव्या शतकाच्या अखेरीचे, आणि आजचे सभागृह १७०९ चे. हे सभागृह जगातील अतिप्रचंड लाकडी इमारतींपैकी एक असले, तरी मूळच्यापेक्षा रुंदीस बरेच कमी आहे. पूर्वी ८६ मीटर होते, आता ५७. अगदी आरंभीचे असे काय राहिले? आसनाच्या कमळाच्या काही पाकळ्या. त्यांवर टोचणीने कोरलेली सुमेरू पर्वताची व असंख्य बुद्धांची चित्रे जवळून पाहिली असता अजून स्पष्ट दिसतात. आणि राहिला तो कुंचला. तो देवळामागील शोसोइन ह्या राजकोशात दोऱ्यासह जपून ठेवलेला आहे. ११८५ मध्ये मूर्ती दुरुस्त झाली, तेव्हा निवृत्त राजा गो-शिराकावा ह्याने त्याच कुंचल्याने पुन्हा डोळे रेखले होते. ह्या कोशातील निवडक वस्तू दरवर्षी शरद ऋतूत थोडे दिवस मांडतात. आम्ही हिवाळ्यात गेलेलो, त्यामुळे कुंचल्याचे दर्शन घडले नाही.

जेवणाविषयी थोडे लिहिले पाहिजे, कारण आमच्या घरातील स्त्रीवर्गाने पहिला प्रश्न तोच केला. जपानात शाकाहारी मनुष्याची अडचण भाताने होत नाही, रश्शाने होते. दिसावयास निव्वळ भाजीचे वाटणारे पाणी बहुधा सुक्या माशाचे असते. आम्ही घरून दशम्या व मेतकूट नेले होते. शिवाय आंबट-खारट उमे फळ घातलेला भाताचा गोळा कोठल्याही दुकानात मिळतो; त्यावरील समुद्रशेवाळाचे पान काढावे की खावे, ह्याविषयी काका-पुतण्यांत मतभेद झाला. नारा येथे हिरव्या रंगाचा एक गोड पदार्थ मिळतो. उखळात कुटलेल्या चिकट भाताची पारी आणि आत अझुकी नावाच्या लाल कडधान्याचे पुरण. पारीचा रंग योमोगी ह्या वनस्पतीचा. ती आपल्या दवण्याच्या जातीची आहे. एकंदरीत तो मोदकाचा लांबचा नातेवाईक म्हणावयास हरकत नाही.

दुपारी पुतण्याने पुन्हा एकदा विचारले, "अजून तीन तास आहेत, काका. कोफुकुजीतली असुराची मूर्ती?" ती ७३४ ची, तीन मुखांची, सहा हातांची, फार नावाजलेली आहे. मोह झाला. पण आम्ही डोंगराच्या बाजूस निगात्सुदो नावाच्या मंदिराच्या पायऱ्या चढलो. दरवर्षी मार्चमध्ये येथे होणारे व्रत ७५२ पासून एकही वर्ष खंड न पडता चालू आहे, असे सांगतात. मंदिराचा सज्जा पश्चिमाभिमुख आहे. तेथे बसावयास पैसे पडत नाहीत व उठा असे कोणी म्हणत नाही. खाली महाबुद्धाच्या सभागृहाचे छप्पर, त्यापलीकडे सारे गाव, आणि क्षितिजावर सकाळी ज्याच्या पोटातून आलो तो इकोमा. आम्ही सूर्य त्याच्यामागे जाईपर्यंत बसून राहिलो. फारसे बोललो नाही. संध्याकाळी सातच्या आत ओसाकाच्या खोलीवर परत होतो, आणि सोमवारच्या बैठकीचे कागद दोनदा वाचून झोपलो. बैठक ठीक झाली; तिचा वृत्तान्त ह्या मासिकाच्या वाचकांस रुचणार नाही.

घरी आल्यावर दुसऱ्या रात्री जेवणे आटोपून सर्व मंडळी माजघरात बसली. मोठ्या काकू झोपाळ्यावर. आम्ही आरंभापासून सांगितले. साच्याचा भाग पुतण्याने सांगितला, आणि मधल्या वहिनींच्या परातीत कणकेचा गाभा करून दाखविला. दादांनी धातूच्या जाडीविषयी दोन प्रश्न विचारले व "आठ थर म्हणजे सात सांधे" असे स्वतःशीच म्हणून मान हलविली. मूर्ती किती उंच, हे काकूंस मीटरांत सांगून उपयोग नव्हता. आपल्या वाड्याच्या माड्या एकावर एक अशा चार ठेवाव्यात तेवढी, असे सांगितले, तेव्हा त्यांनी हात वर करून पाहिला.

बोधिसेनाचे गोत्र ऐकल्यावर त्या एकदम म्हणाल्या, "भारद्वाज? अगोबाई, म्हणजे माझ्या माहेरचेच की!" सगळे हसले. मग त्यांनी दोऱ्याची गोष्ट पुन्हा सांगावयास लावली. कोणी धरला होता, किती लोकांनी, बायकाही होत्या का. त्या वेळी गादीवर राणीच होती, शोमूची मुलगी, हे ऐकून त्यांस समाधान वाटले.

"मग तो परत कधी आला?" त्यांनी विचारले.

आम्ही सांगितले की, तो परत आला नाही. चोवीस वर्षे तेथे राहून ७६० साली मठातच वारला. त्या गावाच्या एका अंगास र्योसेनजी म्हणून देऊळ आहे, तेथे त्याची समाधी दाखवितात. शेवटी तो पश्चिमेकडे तोंड करून, हात जोडून बसला होता, अशी तिकडची परंपरा आहे.

"पश्चिमेला म्हणजे आपल्याकडेच ना रे?"

"काकू, त्या लोकांच्या मते अमिताभ बुद्धाचा लोक पश्चिमेस आहे. म्हणून तसे बसले असतील."

"तेही असेल," काकू म्हणाल्या. झोपाळा थांबला होता. "पण त्याला आई असेल की. तिला कोणी कळविले असेल का?"

ह्यावर कोणाजवळ उत्तर नव्हते. त्यांच्याविषयीच्या शिलालेखात तसे काही नाही. थोड्या वेळाने काकूंनी कनवटीची पुरचुंडी सोडून, बोटांनी चाचपून, अकरा रुपये काढले, आणि पुढच्या खेपेस जो कोणी जाईल त्याने ते त्या समाधीशी माहेरच्या नावाने ठेवावेत, असे सांगितले. दादांनी ते घेतले व चष्मा लावून वही उघडली. कारखान्याची नव्हे, घरची.